गृहध्वनिमुद्रण-साधननिर्णय: भोंगवली क्षेत्रातील शाखाभेदांसह

स्वल्प द्रव्यात, स्वल्पतर श्रमात आणि स्वगृही कंठस्वर उतरवून घेणाऱ्या आज्ञावलीची निवड करणे, या क्रियेस साधननिर्णय ही संज्ञा आहे. व्याख्येतील तिन्ही पदे सार्थ होत. ‘स्वल्प द्रव्यात’ म्हटल्याने पुण्याच्या स्टुडिओचा तासाचा दर वगळला जातो, ‘स्वल्पतर श्रमात’ म्हटल्याने पुस्तिका वाचणे वगळले जाते, आणि ‘स्वगृही’ म्हटल्याने शांतता वगळली जाते.

पूर्वाचार्यांनी या विषयाची उपेक्षा केली आहे. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आणि लेखणी ठेवली. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’चे सात अध्याय रचले. त्यांत गायकांचे पाच प्रकार आहेत, पंचवीस दोष आहेत. परंतु कोणत्या प्रकारच्या गायकाने कोणती आज्ञावली घ्यावी, याविषयी सातही अध्याय मौन पाळतात. ती उणीव सुमारे आठशे वर्षे तशीच पडून होती.

क्षेत्र म्हणून भोर तालुक्याच्या पूर्व अंगाचे भोंगवली घेतले आहे, त्यास कारण आहे. महानगरात आवाज अखंड असतो, त्यामुळे तो कानाआड होतो. अरण्यात तो विरळ असतो. नीरेच्या खोऱ्यातील गावात मात्र शांतता असते आणि तीत प्रत्येक आवाज नावानिशी ऐकू येतो. हा कोणाचा ट्रॅक्टर, ती कोणाची फटफटी, ही कोणाची शेळी, हे पडवीत बसून सांगता येते. ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासकास याहून खडतर, म्हणूनच याहून उपकारक भूमी मिळणे कठीण.

वेदान्ताच्या रीतीस अनुसरून प्रथम अधिकाऱ्याचा विचार करू. या शास्त्राचे अधिकारी तीन. पहिला भजनी: पेटी, पखवाज, टाळ व वीणा यांसह तो समूहाने येतो आणि समूहानेच सूचना देतो. दुसरी ओवीकर, म्हणजे ज्यांच्या ओव्या उतरवून घेण्याचा संकल्प नातवाने केला आहे अशा आजी. यास पुणे जिल्ह्यात थोर पूर्वपरंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीसह शेकडो गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने मुद्रित झाल्या आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जालीय संग्रहात ऐकावयास मिळतात. खेड्यातल्या ओसरीवर नीट मुद्रण होते की नाही, ही शंका त्यामुळे निकालात निघाली आहे. तिसरा अधिकारी स्वरचित गीतांचा कर्ता. त्याचा विचार स्वतंत्रपणे आणि शक्यतो दुसऱ्या गावी व्हावा.

आता मूल सिद्धांत. ध्वनिग्रहणसमयी सर्व आज्ञावल्या समान. मायक्रोफोनवर पडणारा हवेचा दाब सेकंदास ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवणे, इतकेच त्यांचे कर्म. मनुष्यकर्ण फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक व्हावी लागते, म्हणून ही संख्या. फुकटची आज्ञावली ४४,१०० मोजते आणि महागडी ४४,१०१, असा प्रकार नाही. तरीही निवडीविषयी घरोघर वाद आहेत आणि ते तीव्र आहेत, कारण फळात भेद नसला की मताला मोकळे रान मिळते.

मूल्यदृष्ट्या आज्ञावल्यांचे पाच वर्ग होतात.

१. निर्मूल्य-मुक्त. उदाहरण ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी हिचा आरंभ केला आणि मे २००० मध्ये ती लोकांस खुली झाली. रूप रुक्ष, परंतु तांबडे गोल बटण प्रथमदर्शनीच दिसते. येथे ‘क्लिकमात्रा’ या परिमाणाची स्थापना करणे आवश्यक आहे. आज्ञावली उघडल्यापासून पहिला षड्ज लागेपर्यंत माउस जितक्या वेळा दाबावा लागतो, तितक्या तिच्या क्लिकमात्रा. ऑडॅसिटीची क्लिकमात्रा एक. इतर पुष्कळ आज्ञावल्या आधी प्रकल्पाचा प्रकार विचारतात, मग वाद्य विचारतात, आणि मिनिटास १२० ठोक्यांची लय आपणच ठरवून मोकळ्या होतात. भजनाची लय पहिल्या चरणाला एक असते आणि गजराला दुसरी, ही गोष्ट त्यांच्या कर्त्यांस ठाऊक नसावी. म्हणून नवख्याने प्रथम त्या लयीची टकटक बंद करावी. न केल्यास ती मायक्रोफोनात उतरते आणि संपूर्ण अभंगभर कोणीतरी खिळा ठोकत असल्याचा भास होतो.

२. निर्मूल्य-आसनबद्ध. २००४ सालचे गॅरेजबँड. आज्ञावली फुकट, सुबक, अल्पबुद्धीसही सुगम; मात्र ती केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रावर बसते आणि त्या आसनाचे मूल्य पाच आकड्यांत सुरू होऊन सहा आकड्यांकडे जाते. सून पुण्यात आयटीत असल्यास विचार करावा.

३. निर्मूल्य-जालाश्रित. बँडलॅब या वर्गातील. ती मोबाईलवरही चालते, मुद्रित स्वर दूर ठेवते, आणि नोकरीनिमित्त चाकणला राहणारा पखवाजी तेथूनच आपला ठेका तीत भरू शकतो. रेंजसाठी गच्चीवर जावे लागते, हा उपाधिदोष. तो आज्ञावलीचा नव्हे.

४. श्रद्धामूल्य. हा वर्ग अत्यंत सूक्ष्म आहे. विनॅम्पचे कर्ते जस्टिन फ्रँकेल यांनीच पुढे निर्माण केलेली रीपर ही आज्ञावली साठ दिवस परीक्षेसाठी मिळते. घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरांचा आहे. परंतु एकसष्टाव्या दिवशी ती बंद पडत नाही. उघडताना क्षणभर थांबवते, आपण अजून मूल्य दिलेले नाही याची सौम्य शब्दांत आठवण करून देते आणि पुन्हा पूर्ववत सेवेस लागते. या एकसष्टाव्या दिवसावरून दोन मते प्रवर्तली. षष्टिदिनवादी म्हणतात की परीक्षा संपली, ऋण उत्पन्न झाले. अनंतपरीक्षावादी म्हणतात की ज्याने अद्याप एकही अभंग धड मुद्रित केला नाही, त्याची परीक्षा संपली असे म्हणणार कोण? दुसरे मत तर्कदृष्ट्या प्रबळ दिसते, तथापि ते ग्राह्य नाही. गावात किराणा उधारीवर मिळतो; वाणी रोज आठवण करीत नाही, म्हणून उधारी फिटली असे कोणी म्हणत नाही.

५. चौर्यप्राप्त. पेनड्राइव्हमधून येते, सोबत विषाणू आणते. निषिद्ध.

सहावा वर्ग, म्हणजे मोबाईलमधला मूळचाच रेकॉर्डर, शास्त्रज्ञ मानीत नाहीत. लोक मात्र तोच वापरतात.

आता मुहूर्त. पहाटे कोंबडा, सकाळी डेअरीला जाणारे दुधाचे कॅन, अकराला कुकर, सायंकाळी मालिका; शेष राहतो तो दुपारी दोन ते साडेतीन हा काळ. यास ‘निद्राकाल’ म्हणावे. या काळात पंखा चालू ठेवावा की बंद, यावरून पंखासहिष्णू आणि स्वेदवादी अशा दोन शाखा आहेत. स्वेदवाद्यांचा स्वर निर्मळ येतो, परंतु तिसऱ्या कडव्यापुढे येत नाही. त्यांच्यातूनच गोधडीवादी ही उपशाखा निघाली. रिकाम्या भिंतींवरून आवाज परत फिरतो, म्हणून दारेखिडक्यांवर गोधड्या टांगाव्यात, असे तिचे प्रतिपादन. ते सर्वथा सत्य आहे: जाड कापड ऊर्ध्व स्वरांचा प्रतिध्वनी शोषून घेते, आणि घरातल्या चार गोधड्या जे करतात ते कोणतीही आज्ञावली मागाहून तितक्या सहजी करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र या शाखेचे अनुयायी आढळत नाहीत.

विजेचाही एक स्वर असतो. आपली वीज सेकंदास ५० कंपने करते, आणि चार्जर लावलेल्या लॅपटॉपातून तो गुणगुणाट कधी कधी मुद्रणात उतरतो. पेटीच्या पांढरी पाचचा अतिखर्ज ४९ कंपनांचा. म्हणजे वीज पांढरी पाचमध्येच गाते, फक्त अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाने चढी. चार्जर काढून ठेवावा, हे बहुमत. समन्वयवादी म्हणतात की पेटीच तेवढी चढी मिळवून घ्यावी. पेटी दुरुस्त करणाऱ्याने हे मत अद्याप ऐकलेले नाही.

दोषनिवारण हे या शास्त्राचे हृदय होय. शार्ङ्गदेवाच्या पंचवीस दोषांकडे या दृष्टीने पाहता एक अलक्षित सत्य हाती लागते. तोंड भयंकर वासणारा कराली, मान वाकडी करणारा वक्री, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, बोकडासारखा चेहरा करणारा उद्वड, डोळे मिटून गाणारा निमीलक, हे सारे दोष दृश्य आहेत. केवळ ध्वनिमुद्रण केले की ते एकही आज्ञावली न उघडता नाहीसे होतात. (व्हिडिओचा आग्रह धरणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.) उरले श्राव्य दोष. कावळ्याच्या स्वराचा काकी. त्यास उपाय नाही. अपस्वरास मात्र आहे. पूर्वी खनिज तेलाच्या शोधासाठी भूगर्भातील लहरी तपासणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७ साली ऑटोट्यून आणले. ते सुटलेला सूर जवळच्या सुरावर नेऊन बसवते. तथापि मींड हा सुटलेला सूर नाही, हे त्यास सांगावे लागते. सांगितले नाही तर मींड पायऱ्या-पायऱ्यांनी उतरू लागते.

पार्श्वध्वनी पुसण्याची क्रिया सर्वांत प्रिय, म्हणून सर्वांत घातक. तिची रीत अशी. गायनापूर्वी काही क्षण पूर्ण स्तब्धता राखून तीही मुद्रित करावी. यास मौनपाद म्हणतात. मग ऑडॅसिटीस तो मौनपाद दाखवून सांगावे की यात जे आहे तो मल. ती त्याचे लक्षण शिकते आणि पुढील संपूर्ण मुद्रणातून तशा लक्षणाचे जे जे असेल ते क्षीण करते. सिद्धांत निर्दोष आहे. भोंगवलीतील एका घरचा मौनपाद येथे आधारासाठी जसाच्या तसा देतो:

“अरं, सुरू केलंस का?”

“हो आजी. आता बोलू नको.”

“मी कुठं बोलतीया?”

“आजी, गप.”

“गपच हाय की मी. तूच बडबडतुयास.”

यानंतर आजींनी ओव्या गाइल्या, आणि उत्तम गाइल्या. नातवाने विधिपूर्वक मौनपाद निवडून आज्ञा दिली. आज्ञावलीने आजींचा कंठ हाच मल मानला आणि ओवीओवीतून तो धुऊन काढला. शिल्लक राहिली ती परसातली शेळी. शेळीचा स्वर मात्र स्वच्छ, ठसठशीत आणि तिन्ही सप्तकांत मोकळा आला आहे. शास्त्रदृष्ट्या यात काहीच वावगे नाही. मौनपादात ती बोलली नव्हती. मागे फिरण्याची सोय, म्हणजे अन्डू, हाच म्हणून आज्ञावलीचा सर्वश्रेष्ठ गुण मानावा. आजी पुन्हा गाणार नव्हत्या. त्या शेळी बांधायला गेल्या होत्या.

नामकरणाविषयी थोडके. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा सुमारे तीन मिनिटांची तबकडी संपता संपता त्या स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत. तबकड्या जर्मनीतील हानोव्हरला छापल्या जात. तेथील कारागिरांस गायिका कोण हे कळावे, हा त्यामागील हेतू. आज हानोव्हरची बाधा उरली नाही, परंतु ‘रेकॉर्डिंग ००४७’ हे नाव असलेल्या फाइलीत एकादशीचे भजन आहे की खताच्या दुकानदाराशी झालेले बोलणे, हे उघडल्याखेरीज कळत नाही. म्हणून प्रत्येक गायकाने आरंभी नाव, गाव व तिथी उच्चारावी. मौनपादात मात्र उच्चारू नये.

शेवटी प्रेषण. मूळ स्वरूपातील मुद्रण दुहेरी वाहिनीत मिनिटास सुमारे १० एमबी जागा घेते. एकट्या कंठास एकेरी वाहिनी पुरे, जागाही निम्मी. एमपी३ केल्यास ते कितीतरी पटींनी आटते आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सहज जाते. तेथे प्राप्त होणारे जोडलेल्या हातांचे चिन्ह दोन प्रकारचे असते: श्रवणोत्तर नमस्कार आणि श्रवणपूर्व नमस्कार. दोन्ही दिसण्यात एकरूप असल्याने काळ हेच त्यांचे भेदक लक्षण. ज्या अभंगाचा अवधी सात मिनिटे, त्यास चाळीस सेकंदांत आलेला नमस्कार श्रवणपूर्व समजावा. रीपरवर मुद्रित केलेल्या अभंगास आणि मोबाईलच्या मूळ रेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या अभंगास हे नमस्कार सारख्याच वेगाने येतात, एवढे निरीक्षण नोंदवून ठेवतो.