चौकट ५६० × ३१५ यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. चौकटसाहेब,
मुक्काम: वेबपानाचा उजवा काठ ओलांडून पुढे.

विषय: थोडं सरकून घेण्याबाबत.

महोदय,

काल आमच्या तात्यांनी हळदीच्या सौद्याचा व्हिडिओ एका पानावर उघडला. मोबाईल उभा, पडदा ३६० पिक्सेल रुंद आणि आपण ५६०. वरचे २०० आपण बहुधा वसमतच्या पुढं नांदेडच्या हद्दीत टाकले असावेत. भावाचा आकडा उजव्या कोपऱ्यात होता. त्यातला पहिला '१' तेवढा दिसला. तात्या म्हणाले, "एक रुपया? त्यापरीस जेजुरीला नेऊन उधळू की!"

पान बनवणाऱ्या पोराला गाठलं. त्यानं आपली रुंदी शंभर टक्के केली, उंची मात्र ३१५च ठेवली. आपण मावलात खरं, पण वर ५६ आणि खाली ५६ पिक्सेल अंधार. आम्हाला भारनियमन नवं नाही, तरी व्हिडिओतसुद्धा? मग त्यानं उंची 'ऑटो' केली, तर आपण १५० वर जाऊन बसलात. फोटोला आपलं माप ठाऊक असतं. आपण पडलात आयफ्रेम, म्हणजे दुसऱ्याच्या घराची खिडकी; आत काय चाललंय त्याचा पानाला पत्ता नाही.

बरं, उपाय जुनाच आहे. १६:९ म्हणजे उंची रुंदीच्या ५६.२५ टक्के. सीएसएसमध्ये खालच्या पॅडिंगचे टक्केही रुंदीवरूनच मोजतात. या तऱ्हेवाईक नियमाचा फायदा घेऊन आपल्याला डब्यात कसं बसवावं, हे थिएरी कोब्लेंट्झ यांनी २००९ मध्येच लिहून ठेवलंय. आणि २०२१ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिघांनाही 'ॲस्पेक्ट-रेशो: १६ / ९' एवढं सांगितलं की पुरतं. रुंदी शंभर टक्के, उंची ऑटो आणि ही एक ओळ.

आमच्या औंढ्याला नामदेवांसाठी अख्खं दगडी देऊळ फिरलं म्हणतात. आपल्याला नुसतं आखडायचंय! त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजा, आणि त्यांच्या लांबीतला मोजायचा फरक प्रोटॉनहून कितीतरी बारीक. आपले २०० पिक्सेल तिथं कळवावेत का, असा विचार चालू आहे.

आपला,
एक हिंगोलीकर

ता. क. 'फोन आडवा धरा' असं कृपया कळवू नये. तात्यांच्या फोनचं रोटेशन बंद आहे. ते स्वतःच कुशीवर आडवे होऊन बघतात. भाव अजून एक रुपयाच आहे.