पटसंख्या दोन

लहान मुलाशी बोलायला आपल्याकडे मोठ्या माणसांजवळ दोनच वाक्यं असतात. ‘नाव काय तुझं?’ आणि ‘कितवीत आहेस?’ पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरं आपोआप येतं. रिक्षावाला विचारतो, दातांचे डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारतात, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारासुद्धा विचारतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींची दोन्ही मुलं या दुसऱ्या प्रश्नापाशी अडतात. थोरला तेरा वर्षांचा. तो ‘कितवीतच नाही’ म्हणतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘अरेरे’ उमटतं. धाकटी आठ वर्षांची आणि जास्त व्यवहारी. ती माणूस बघून उत्तर देते. रिक्षावाल्याला ‘तिसरीत’, डॉक्टरांना ‘घरीच’, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका फारच चौकस आजींना तिने ‘झालं माझं शिक्षण’ असं सांगून गप्प केलं होतं.

वहिनी होमस्कूलिंग करतात. पुण्यात हे आता अगदीच जगावेगळं राहिलेलं नाही. कोथरूडला, बाणेरला, सिंहगड रस्त्याला असं एखादं घर सापडतं. वहिनी मूळच्या इंजिनिअर, नोकरी हिंजवडीला. थोरला सीनिअर केजीत असताना डायरीत शेरा आला, की मुलगा रेषेच्या बाहेर रंगवतो. (शाळा कुठली ते वहिनी सांगत नाहीत. डायरी मात्र जपून ठेवली आहे.) दुसरी एखादी आई मुलाला रेषेच्या आत आणते, वहिनींनी शाळेतून मुलाचं नाव काढलं, पाठोपाठ स्वतःचा राजीनामा दिला आणि दिवाणखान्यातला सोफा विकून तिथे फळा लावला. पुढे कुठल्याशा पुस्तकात वाचलं की फळा हे सत्तेचं प्रतीक आहे. मग फळाही गेला. आता तिथे जगाचा नकाशा आहे. पाहुण्याने चहा पिता पिता त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तरी धाकटी त्याला बुर्किना फासोची राजधानी विचारते. त्यामुळे माहितगार पाहुणे नकाशाकडे पाठ करून बसतात.

पुस्तकांचं कपाट मात्र पाहण्यासारखं आहे. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’, ‘तोत्तोचान’, माँटेसरीबाई, ताराबाई मोडक, अनुताई वाघ, अरविंद गुप्तांची काड्यापेटीतून विज्ञान काढणारी पुस्तकं, आणि हाताशी येईल अशा मधल्या खणात जॉन होल्ट. मी यातलं बरंचसं मागून नेऊन वाचलं आहे आणि माझी एक शंका आहे, जी वहिनींना विचारण्याचं धैर्य अजून झालेलं नाही. ही बहुतेक थोर माणसं शाळा काढणारी होती. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई आणि अनुताईंनी बोर्डी-कोसबाडला आयुष्य घातलं. तोत्तोचानच्या कोबायाशी मास्तरांनी तर आगगाडीचे जुने डबे आणून त्यात वर्ग भरवले. मुलाला शाळेतून काढून घरी आणा, असं सांगणारा या कपाटात एकटा होल्ट. आणि त्याला स्वतःचं मूल नव्हतं.

शाळेला घंटा असते, मधली सुट्टी असते, मे महिना असतो. संस्थेचे कुणी माजी चिटणीस वारले तरी मुलं दप्तर फिरवत घरी येतात. वहिनींकडे यातलं काहीच नाही. तिथे रविवारसुद्धा शैक्षणिक. डाळ सांडली तर भरायच्या आधी ती अंदाजाने मोजायची. पाल दिसली तर तिला हाकलायचं नाही; तिची तुटलेली शेपूट पुन्हा कशी उगवते यावर चर्चा करायची. चर्चा इतकी चालते की पाल कंटाळून निघून जाते.

भाजी आणणं हा गणिताचा तास. हा तास मी रांगेत मागे उभा राहून अनेकदा भरला आहे. आलं साठ रुपये पाव किलो, तर दीडशे ग्रॅमचे किती? धाकटी डोळे मिटते. भाजीवाल्या मावशी सवयीने ‘छत्तीस’ म्हणून मोकळ्या होतात. ‘मावशी, प्लीज,’ वहिनी कळवळतात, ‘उत्तर नका ना सांगू. तिचं तिला शोधू दे.’ मावशी ‘शोध बाई’ म्हणतात आणि माझी मेथी बांधायला घेतात. ही सकाळची वेळ, मागे चार पिशव्या ताटकळलेल्या, आणि धाकटी ओठ हलवत पन्नासाचे बारा, शंभराचे चोवीस करतेय. शेवटी डोळे उघडून ती जाहीर करते, ‘छत्तीस. पण आम्ही पस्तीसच देणार.’ मावशी आलं तिच्या पिशवीत टाकत म्हणाल्या, ‘ताई, हिला आणखी काही शिकवू नका.’

प्लंबरचा प्रसंग याहून मोठा. बेसिनचा नळ गळत होता. प्लंबर आला, वायसर काढतो तोच दोन्ही बाजूंना दोन मुलं उकिडवी बसली आणि वहिनींनी विचारलं, ‘दादा, सातव्या मजल्यावर पाणी कसं चढतं ते जरा मुलांना सांगाल का?’ प्लंबरने मान वर न करता सांगितलं, ‘मोटर लावली की चढतं.’ वहिनी हार मानणाऱ्या नव्हेत. दाब, उंची, टाकी, असं सगळं त्यांनी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. तोही पुढे खुलला. वीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी त्याला एवढं विचारलं नव्हतं. त्याने थोरल्याच्या हातात पान्हा दिला, टेफलॉनची टेप आट्यांवर कुठल्या अंगाने गुंडाळायची ते दाखवलं, आणि उलट गुंडाळली तर नळ पिळताना ती कशी सुटून येते हेही मुद्दाम करून दाखवलं. अर्ध्या तासाचं काम दुपारी दीडपर्यंत चाललं. पिठलं-भाकरी खाऊन गेला. आता परिस्थिती अशी आहे, की आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा नळ गळला तर आधी थोरल्याला हाक मारतात. इंग्रजी माध्यमात नववीत असलेला माझा पुतण्या नळ दोन्ही हातांनी धरून ‘काका, धावा’ एवढंच ओरडू शकतो, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

वहिनींच्या या संस्थेत एक समांतर शिक्षणव्यवस्थाही आहे, ती सासूबाईंची. ‘पाठांतराने मुलांची जिज्ञासा मरते’ हे वहिनींचं मत सासूबाईंनी मान डोलावून ऐकून घेतलं. मग वहिनी संध्याकाळी चालायला बाहेर पडल्या, की देवापाशी दिवा लावून मागच्या खोलीचं दार लोटून त्या परवचा घेऊ लागल्या. पावकी, निमकी, पाऊणकी. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनाचा पाढा, जो आता शाळांमध्येही कुणाला येत नाही. हे भूमिगत कार्य वर्षभर चाललं. एका लग्नात कुणा काकांनी सगळ्यांदेखत थोरल्याला ‘सतरा नव्वे?’ विचारलं, तेव्हा त्याने एकशे त्रेपन्न सांगून वर दीडकी म्हणून दाखवली. काका नरमले. वहिनींना धक्का बसला, पण त्या सावरल्या. आता त्या लोकांना सांगतात की आम्ही मौखिक परंपरेतून गणित करतो.

त्यांच्या यजमानांचा विषय विज्ञान. रात्री साडेआठला ते हिंजवडीच्या वाहतुकीतून सुटून येतात आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहतात. वीस-वीस मिनिटं. सोसायटीत यावर कुजबुज झाली. फोन कुणाचा असेल, वगैरे. वॉचमनने शेवटी काचेतून डोकावून पाहिलं, तर ते इंद्रधनुष्य कसं पडतं याचा व्हिडिओ बघून कागदावर टिपणं काढत होते. लिफ्टमध्ये भेटले की मला हळूच विचारतात, ‘काका, ग्रहण दर अमावास्येला का होत नाही हो?’ चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असते, एवढं मी सांगतो. ते सुटकेचा श्वास टाकतात. घरात खरा नियमित विद्यार्थी तेच.

वहिनी मात्र सुटत नाहीत. सकाळी साडेसातला बिल्डिंगखाली पिवळ्या बसेस येतात, आठपर्यंत दारं लागतात आणि साडेआठला तिसऱ्या मजल्यावर चार आया एकत्र चहा पितात. त्या चहाला वहिनी कधीच नसतात. त्यांना दिवसाकाठी एकटेपण मिळतं ते बाथरूममध्ये, आणि तिथेही दारावर टकटक होते : ‘आई, वीज आधी दिसते आणि आवाज मागून का येतो?’ वहिनी आतून साबणाच्या डोळ्यांनी उत्तर देतात. हे डक्टमधून आम्हाला ऐकू येतं. चांगलं सांगतात. माझंही बरंच विज्ञान त्या डक्टमुळे पक्कं झालं.

त्यांचे सोन्याचे दिवस आले ते २०२० मध्ये. शाळा बंद, सगळ्यांची मुलं घरात, आणि वर्षानुवर्षं ‘बिचारी मुलं’ म्हणणाऱ्या बायका मास्क लावून जिन्यात वहिनींचा सल्ला घेत उभ्या. दोन मुलांना एका वेळी कसं बसवायचं? स्वतः ओरडायचं कधी थांबायचं? वहिनी कुलगुरूंच्या संथ आवाजात बोलायच्या. शाळा उघडल्या त्या दिवशी या बायकांनी मुलांना बसमध्ये अक्षरशः ढकललं, आणि पुन्हा ‘बिचारी मुलं’ सुरू झालं.

होमस्कूलिंगवाल्यांचा एक गटही आहे. महिन्यातून एकदा वेताळ टेकडीवर जमतात. दुरून एकजूट दिसते, पण जवळ गेलं की पंथ कळतात. वॉल्डॉर्फवाल्यांना प्लॅस्टिकचं खेळणं चालत नाही. माँटेसरीवाल्यांना खेळण्याला खेळणं म्हटलेलं चालत नाही, ते ‘साहित्य’. अनस्कूलिंगवाल्यांना सगळं चालतं, फक्त ‘शिकवणं’ हा शब्द उच्चारायचा नाही. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये बारावीशिवाय थेट अमेरिकेत एमआयटीला गेली, ही कथा प्रत्येक बैठकीत होते, सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची व्हावी तशी. ती ऐकताना सगळ्या आया आपापल्या मुलांकडे बघतात. मुलं तेव्हा झाडावर असतात.

सरकारशी गाठ पडली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण साक्षीदार म्हणून मलाच बोलावलं होतं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला महापालिका शाळेतले एक गुरुजी आले. जुलैचा उकाडा, काखेत रजिस्टर, सात मजले पायी, कारण लिफ्ट बंद. वहिनी तयारीत होत्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची प्रत, त्यात कलम १० पिवळ्या शाईने रंगवलेलं : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. ‘पण न घातल्यास काय, याबद्दल कायदा काहीच म्हणत नाही,’ वहिनींनी बजावलं आणि तिथून होल्टवर आल्या. गुरुजींनी कोकम सरबत संपवलं, ग्लास खाली ठेवला.

‘मॅडम, पट किती?’

‘दोन.’

‘आणि शिक्षक?’

‘मी. हे रात्री येतात. आणि सासूबाई.’

‘तिसाला एक शिक्षक असा निकष आहे,’ गुरुजी शांतपणे म्हणाले. ‘तुमच्यातले दोन अतिरिक्त ठरतील. समायोजनात गडचिरोलीला जायची तयारी ठेवा.’ मग त्यांनी थोरल्याकडून लसावि-मसाविची दोन गणितं सोडवून घेतली, धाकटीला उतारा वाचायला लावला, रजिस्टरकडे बराच वेळ पाहिलं. ‘शाळाबाह्य लिहावं तर हे वाचतात,’ ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आणि आमच्या वर्गात काही जण पटावर आहेत...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. जाताना सरबताची कृती मात्र विचारून घेतली.

कागदांचा जाच निराळाच. बुद्धिबळाच्या स्पर्धेला बोनाफाईड मागतात. एका कार्यालयात थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. वहिनींना तर हर्षच झाला, कारण शाळा इतक्या ठामपणे कुणीच सोडली नसेल. पण सीनिअर केजीचा दाखला तिथे चालेना.

आता मात्र पंचाईत वेगळी आहे. थोरला आईकडून शिकायला तयार नाही. वहिनींनी बीजगणित काढलं की तो ‘तू समजावतेस ते खूपच समजावतेस’ म्हणून उठतो. तेराव्या वर्षी मुलांना आईचं काहीच पटत नाही, हे घरोघरी आहे. पण घरोघरी आई हीच शाळा नसते. त्यातून दहावीचा घोळ. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा द्यायची, की एनआयओएस या मुक्त विद्यालयाची, यावर रात्री बारापर्यंत दिवे चालू असतात. आणि थोरल्याची स्वतःची तक्रार साधी आहे. संध्याकाळी पाच ते आठ खाली क्रिकेटला कुणी नसतं. सगळे क्लासला जातात. त्यालाही क्लास हवा आहे.

वहिनींनी हे मनाला फार लावून घेतलं. तरीही मुलाच्या इच्छेचा मान राखायचा, हे कपाटातल्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असल्यामुळे इलाज नव्हता. चौकातल्या एका क्लासला चौकशीला निघाल्या, मला सोबत घेतलं. संचालकांनी फॉर्म पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘शाळा कुठली?’ वहिनींनी पाऊण तास उत्तर दिलं. रेषेबाहेरच्या रंगापासून सुरुवात केली, भावनगरवरून बोर्डीला आल्या, फळ्याच्या सत्तेवर बोलताना मागे लावलेल्या फळ्याकडे बोट दाखवलं. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. संचालकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. उलट त्यांचा चेहरा उजळत गेला.

‘म्हणजे शाळा नाहीच?’ त्यांनी खात्री करून घेतली. ‘हजेरीची भानगड नाही, युनिट टेस्ट नाही, गॅदरिंग नाही, सहल नाही?’

‘नाही,’ वहिनी म्हणाल्या.

‘वा! आमच्या सगळ्या पालकांना कधीपासून हेच सांगतोय मॅडम, कुणी ऐकत नाही.’ त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि शाळेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. ‘सकाळी सात ते एकच्या बॅचला टाका.’