वॉरंटीतले बापू

कोल्हापुरात दर गल्लीला एक तालीम, एक मंडळ आणि एक बापू असतो. नाव बापू नसेल तर आण्णा असेल, मामा असेल. ओळखायची खूण एकच. याच्या घरात खाली वस्तू राहतात आणि वर माळ्यावर त्यांची खोकी, अशी दोन बिऱ्हाडं नांदत असतात.

आमचे शुक्रवार पेठेतले बापू साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले. नोकरीभर माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आता वस्तूंच्या लिहितात. मिक्सर कधी आला, त्याचं भांडं कधी बदललं, फ्रीजमध्ये गॅस कधी भरला, सगळं वहीत. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली आणि गल्लीत होडी आली, तेव्हा बापू काखेत रेक्झिनची बॅग आवळून होडीत चढले. काकूंना वाटलं, दागिने घेतले. पलीकडं उतरल्यावर बॅग उघडली तर आत बिलं.

"दागिन्याला वॉरंटी नसत्या," बापू म्हणाले.

या बापूंनी 2022 च्या दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, कॉम्प्युटरचा मॉनिटर घेतला. बावीस इंची, तीन वर्षांची वॉरंटी. कशासाठी, तर तक्रारअर्ज टाइप करायला. हातानं लिहिलेला अर्ज साहेब वाचत नाहीत, असं त्यांचं मत. (टाइप केलेलाही वाचत नाहीत, हे माझं.) गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, विसर्जनाची मिरवणूक अजून रेंगाळत होती तेव्हाच, मॉनिटरनं मान टाकली. खालचा निळा दिवा चालू, पडदा काळा.

तुमच्याआमच्या घरात वस्तू बिघडली की सुतक येतं. बापूंना मात्र वस्तू वॉरंटीनंतर बिघडली तरच वाईट वाटतं. त्यांनी वही काढली, बोटं मोजली. 28 दिवस शिल्लक! खासबागेत तोडीस तोड जोड मिळालेल्या पैलवानासारखा चेहरा फुलला.

"घावली कंपनी," म्हणाले.

आणि इथंच घात झाला. बिल होतं, पण थर्मल कागदावरचं. या कागदाला शाई लागत नाही. उष्णता लागली की तो काळा पडतो, तेच त्याचं छापणं. आणि नुसता ठेवला की हळूहळू फिका होत जातो. बापूंच्या बिलावरचे आकडे पुसट झाले होते. सर्व्हिस सेंटरला असं फिकं बिल नेणं म्हणजे लग्नाला बिनइस्त्रीचा सदरा घालून जाणं. म्हणून बापू कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि बिलाला लॅमिनेशन करून घेतलं. पांढरं बिल गरम रुळांत गेलं आणि पलीकडून डांबराच्या पट्टीसारखं काळंकुळकुळीत बाहेर आलं. वरच्या कोपऱ्यात जीएसटीतला 'टी' तेवढा राहिला होता. झेरॉक्सवाल्यानं लॅमिनेशनचे वीस रुपये घेतले नाहीत, एवढी माणुसकी शहरात शिल्लक आहे.

मॉनिटर काळा, बिल काळं. दुसरी प्रत मागायला दुकानात गेले, तर तिथं शोरमा फिरत होता.

मग फोन. पलीकडं कुठल्या तरी लांबच्या शहरातली मुलगी, हिंदीत. सिरियल नंबर सांगा म्हणाली. बापू मॉनिटरच्या पाठीमागं वाकले, भिंग लावलं आणि अक्षरं तालुक्यांनी सांगायला लागले. "सी फॉर चंदगड. के फॉर करवीर. एच फॉर हातकणंगले. नहीं म्याडम, हैदराबाद नहीं, हातकणंगले! जी फॉर गगनबावडा." गगनबावड्याला मुलीनं होल्डवर टाकलं. पुढं 'क्यू' आला. क्यूनं एकही तालुका नाही. बापू क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "क्यू म्हंजे अंबाबाईच्या दर्शनाला असती ती." कशी कोण जाणे, पण मुलीला ही खूण पटली.

नंतर कळलं ते असं. बिल नसेल तर कंपनी मॉनिटर कारखान्यातून निघाल्याच्या महिन्यापासून वॉरंटी मोजते. पाठीमागच्या चिकटपट्टीवर एप्रिल 2022 होतं. म्हणजे वॉरंटी एप्रिल 2025 मध्येच संपली.

"मग माझं वयबी आईबापाच्या साखरपुड्यापासून मोजा की!" बापू कडाडले. "दुकानात पडून हुता तवा मी वापरत हुतो व्हय?"

मी एरवी बापूंची बाजू घेत नाही, पण याला उत्तर कंपनीपाशी नव्हतं. माझ्यापाशीही नाही.

तरी 'पाहणीसाठी' एक पोरगा आला. त्यानं मॉनिटर उघडला नाही. मागच्या जाळीतून मोबाइलचा फोटो काढला आणि म्हणाला, "काका, आत मुंगी आहे. कीटकांमुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

"मुंगी मॉनिटर बंद पडायच्या आधी गेली का नंतर, हे तुमी कसं काय ठरवलं?" बापूंनी शांतपणे विचारलं. पोरगा चहा अर्धा टाकून उठला.

या सगळ्यात बापूंना खरं लागलं ते वेगळंच. त्यांनी माळ्यावरून मॉनिटरचं खोकं उतरवलं होतं. आतला थर्माकोल, प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतली ओल शोषणारी पुडी, सगळं तीन वर्षं जसंच्या तसं. पोरगा जाता जाता म्हणाला, "खोकं लागत नाही हो." बापू खाली बसले. माळ्यावर एकवीस खोकी आहेत.

दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा उभा राहिला. एन. डी. पाटील सरांच्या मागं टोलविरोधी मोर्चात चाललेले हे पाय. मला म्हणाले, "ग्राहक संरक्षण कायदा 2019, लागू 20 जुलै 2020. आता कंपनीच्या गावाला जायाला लागत नाही, आपल्याच जिल्ह्यात दावा लावायचा. पाच लाखांपर्यंत फी शून्य. आन् तिथं नाही भागलं तर सर्किट बेंच हाय की, 18 ऑगस्टलाच चालू झालंय."

"बापू, आठ हजारांच्या मॉनिटरसाठी हायकोर्ट?"

"बेंचसाठी चाळीस वर्षं भांडलो न्हवं? मग ह्याला काय धाड भरल्या?"

काकूंना मात्र चाळीस वर्षांचा वेळ नव्हता. बापू ग्राहक पंचायतीत सल्ला घ्यायला गेले होते तेवढ्यात त्यांनी मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळला, रिक्षात घातला आणि मला बरोबर घेऊन राजारामपुरीत एका जिन्याखालच्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. तिथल्या पोरानं वायर जोडली, मोबाइलची बॅटरी पडद्याला अगदी चिकटवून धरली आणि म्हणाला, "मावशी, ह्या तिरक्यातून बघा." बघितलं. काळ्या पडद्यात खोल, विहिरीच्या तळाला दिसावं तसं, बापूंच्या अर्जांचं फोल्डर दिसत होतं. "पॅनल चांगलंय. पाठचा उजेड गेलाय नुसता." मागचं झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या पट्टीवर दोन कंडेन्सर, सपाट डोक्याचे असायला हवे ते, गरम तेलातल्या पुरीगत टम्म फुगले होते. पोरानं ते उपसून काढले, नवे झाळले. मुंगी होती. पण ती कोपऱ्यात, स्वतःच्या मरणानं मेलेली. पडदा लागला. साडेतीनशे रुपये.

संध्याकाळी बापूंनी उजळलेला पडदा बघितला. आनंद नाही, काही नाही. "सील कुणी तोडलं?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "बिल?" पोरानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर 'कंडेन्सर 2, मजुरी, एकूण 350' असं बॉलपेननं लिहून दिलं होतं. बापूंनी ते दिव्यासमोर धरलं, अंगठ्यानं घासून बघितलं. शाई पक्की होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या तीन झेरॉक्स निघाल्या. लॅमिनेशनचं झेरॉक्सवाल्यानं विचारलं नाही, बापूंनी सांगितलं नाही.

आता मॉनिटर चालू आहे म्हटल्यावर भांडण मिटलं, असं तुम्हाला वाटेल. काकूंनाही वाटलं होतं. पण त्याच रात्री बापू त्याच मॉनिटरसमोर बसले आणि त्याच्या कंपनीविरुद्धची तक्रार टाइप करायला घेतली. परवा मी डोकावलो तेव्हा चौदावं पान चालू होतं आणि मुंगीचा मुद्दा अजून यायचा होता.