सातव्या नंबरचे बाबा

टेक्सासमधलं फ्रिस्को असो, न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, शनिवारी सकाळी मुलींच्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर हे मराठी गृहस्थ भेटतातच. बाकीचे आईबाप घडीच्या खुर्च्या मांडून सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेले असतात. हे मात्र डगआउटच्या जाळीला नाक लावून आत चिकटवलेला कागद वाचत उभे. कागदावर बॅटिंग ऑर्डर असते आणि लेकीचं नाव सातवं असतं.

तसे बाबा सोशिक. मीटिंगमध्ये त्यांना सर्वांत शेवटी बोलू दिलं तरी ते वाईट वाटून घेत नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपण कितवे, हे विचारणं त्यांनी केव्हाच सोडलंय. पण लेक सातवी?

या दुखण्याचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. वरती खेळतो तो फलंदाज आणि खाली उरतात ते बाकीचे, हे त्यांच्या मनात लहानपणीच पक्कं बसलेलं. रवी शास्त्री 1981 साली वेलिंग्टनच्या पहिल्या कसोटीत दहाव्या क्रमांकावर उतरला आणि 1992 साली सिडनीला सलामीला येऊन त्याने 206 धावा केल्या. त्या 206 पेक्षा दहावरून एकवर झालेली बढती बाबांना जास्त मोलाची वाटते. सॉफ्टबॉलचा हिशेब निराळा. तीन जणी बाद झाल्या की डाव थांबतो आणि पुढच्या खेपेला क्रम जिथे तुटला तिथूनच सुरू होतो. सहावी बाद होऊन डाव संपला, तर पुढच्या डावाची सलामी सातवीची. हे बाबांना समजतं. पटत नाही.

त्यात दहा वर्षांखालच्या हौशी लीगमध्ये बहुधा हजर असलेल्या सगळ्याच मुलींना बॅटिंग मिळते, त्यामुळे यादी बाराचीही असू शकते. पिचर 35 फुटांवरून 11 इंच घेराचा चेंडू टाकते. तो कधी प्लेटवर येतो, तर कधी मागच्या जाळीत जातो. त्यामुळे कितीतरी मुली बॅट न हलवता चार बॉल सोडून चालतच पहिल्या बेसवर पोचतात. अशा ठिकाणी क्रमाने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. बाबांनी मात्र एक्सेल शीट केलंय. बारा मुलींच्या यादीत एक पायरी खाली म्हणजे सामन्यामागे सरासरी एकद्वादशांश बॅटिंग कमी. पहिलीपासून सातवीपर्यंत सहा पायऱ्या, म्हणजे अर्धी बॅटिंग. वीस सामन्यांत दहा!

"दहा बॅटिंगा गेल्या तिच्या," ते रात्री बायकोला सांगतात.

"अरे, मग त्या दहात ती काय करणार होती?"

"चालत गेली असती."

वाचन त्यांचं दांडगं. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने 1929 साली खेळाडूंच्या पाठीवर आकडे लावले ते बॅटिंगच्या क्रमाने, म्हणून बेब रूथ 3 आणि लू गेरिग 4, हे कळताच त्यांनी लेकीसाठी तीन नंबरची जर्सी मागून घेतली. आता पाठीवर तीन, कागदावर सात. मग टॉम टँगो आणि मंडळींचं 'द बुक' हाती आलं. संघातले सर्वांत चांगले तीन फलंदाज पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवावेत, असं त्यात आकडेमोडीने मांडलंय. तिसऱ्या जागेचा त्यांचा हट्ट त्या रात्री संपला आणि दुसऱ्या जागेचा सुरू झाला. क्रम कसाही लावला तरी एकंदर फरक फार पडत नाही, असंही तेच पुस्तक सांगतं. ती पानं बाबांनी भरभर उलटली असावीत. 1977 साली यँकीज हरत सुटले होते, तेव्हा मॅनेजर बिली मार्टिनने टोपीतून चिठ्ठ्या काढून बॅटिंग ऑर्डर ठरवली, सामना जिंकला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही संघाने जिंकली. ही गोष्ट बाबांना ठाऊक आहे, पण ते ती कुणाला सांगत नाहीत.

कोच उलट्या बादलीवर बसून संघ चालवतो. हाही कुणाचा तरी बाप, बिनपगारी आणि त्याची मुलगी तिसरी. याला अमेरिकेत 'डॅडी बॉल' म्हणतात. कोचची मुलगी खरोखर चांगली खेळते, ही बाबांची मोठीच अडचण आहे. कोच समजूत घालतो की खालच्या जागांनाही मोल असतं, शेवटच्या जागी तर चपळ मुलगीच हवी, कारण तिच्या मागोमाग पुन्हा पहिली येते, म्हणजे शेवटची ही जणू दुसरी सलामीवीरच. बाबांना वाटतं, मंत्रिपद हुकलेल्या आमदाराला महामंडळ देतात, त्यातलाच हा प्रकार.

तक्रार करावी तर अनेक संघांत चोवीस तासांचा नियम असतो: सामना संपल्यावर एक दिवस कोचशी त्याबद्दल बोलायचं नाही. राग निवावा म्हणून तो नियम आहे. बाबांच्या बाबतीत त्या चोवीस तासांत मेलला तक्ते जोडले जातात.

लेकीला आपला नंबर ठाऊक नसतो. "निळ्या हेल्मेटवालीनंतर मी," एवढंच तिला माहीत. बाकी वेळ ती डगआउटमध्ये इतर मुलींबरोबर टाळ्या वाजवून गाणी म्हणत असते. सॉफ्टबॉलमध्ये ही गाणी खेळाइतकीच मनापासून होतात.

एका शनिवारी नेहमीची पहिली मुलगी वाढदिवसाला गेली आणि कागदावर लेकीचं नाव सर्वांत वर आलं. बाबांनी फोटो काढून पुण्याला पाठवला. मग त्यांना घाम फुटला. पहिलीला समोरच्या पिचरचा अंदाज घ्यायला वेळच मिळत नाही! सातवीला निदान सहा जणींचं बघून घेता येतं. लेक तीन बॉलांत बाद होऊन उड्या मारत परत आली. बरोबर चोवीस तासांनी कोचला मेल गेली: दडपणाचा विचार करता मुलीला मधल्या फळीत ठेवणं हिताचं ठरेल, सोबत तक्ता जोडला आहे.

कोचचं उत्तर आलं. त्यात एक अंगठा होता आणि पुढच्या महिन्यात सामन्यांनंतर मुलींना खाऊ कुणी आणायचा त्याची यादी. यादीत बाबांचं नाव पहिलं होतं.