साडूंच्या हॉलचं माहेर

ज्यांनी नुकतंच घरात इटालियन मार्बल बसवलंय, त्यांच्यासोबत इटलीला जाऊ नये. मोठमोठ्या चर्चमध्ये लोक माना वर करून छतं बघत, तेव्हा आमचे साडू मान खाली घालून फरशीचे सांधे तपासत. त्यामुळे टस्कनीतलं करारा, म्हणजे ठाण्यातल्या त्यांच्या हॉलचं माहेर, टाळणं शक्यच नव्हतं.

अपुआन आल्प्सची शिखरं लांबूनच पांढरीशुभ्र दिसू लागली. "भर जुलैत बर्फ!" म्हणत मेहुणीने मोबाईल काढला. चालक म्हणाला, "बर्फ नाही, चुरा." शिळा काढताना उरलेले तुकडे शतकानुशतकं उतारांवर ओतले गेलेत. साडू गंभीर झाले. "एवढं वेस्टेज! म्हणून रेट चढा."

खाणींपर्यंत जीपने जायचं. रस्ता कच्चा, वळणं अशी की एका दमात गाडी वळतच नाही, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर एकच एक अजस्र ठोकळा. 'क्वांटम ऑफ सोलेस' या २००८ च्या बाँडपटातला मोटारींचा पाठलाग इथल्या खाणींत चित्रित झालाय. तो संपल्याचं आमच्या चालकाला कुणी कळवलेलं दिसलं नाही.

डोंगराच्या पोटात देवळाच्या सभामंडपापेक्षा उंच दालनं कोरलेली. पूर्वी रोमन लोक छिन्नी आणि पाचरींनी दगड सुटा करत. आता हिऱ्याचे मणी ओवलेली तार फिरवून, वर पाणी सोडून कापतात. हिरे म्हणताच मेहुणीने साडूंकडे पाहिलं आणि साडूंनी तातडीने छताकडे.

मायकेलअँजेलो १५०५ मध्ये पोप दुसरे ज्युलियस यांच्या समाधीसाठी दगड निवडायला इथे आला आणि महिनोन् महिने राहिला. साडूंना हे फार पटलं. "लॉट स्वतः जाऊनच बघायचा असतो." पुढे कळलं, की 'डेव्हिड'ची शिळाही करारातलीच. आधीच्या शिल्पकारांनी हात लावून सोडलेली, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या आवारात वर्षानुवर्षं पडून राहिलेली. १५०१ मध्ये ती मायकेलअँजेलोने घेतली. "म्हणजे रिजेक्टेड माल?" साडूंचा मायकेलअँजेलोवरचा विश्वास तिथेच उडाला.

एका गोष्टीपाशी मात्र तेही गप्प झाले. यंत्रं नव्हती तेव्हा ठोकळे लाकडी घसरगाड्यांवर चढवून, दोरांनी मागे ओढून धरत डोंगरावरून उतरवत. पुढे साबण फासलेली लाकडं अंथरायला माणसं असत. दोर तुटला, की टनावारी संगमरवर थेट त्यांच्या अंगावर. असल्या पोटापाण्याने इथले कामगार अराजकवादी झाले यात नवल नाही. करारा त्यांचा जुना बालेकिल्ला. आणि याच वाटांनी १९२८ मध्ये सुमारे ३०० टनांची एक शिळा खाली आली, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून. तिचा रोममध्ये मुसोलिनीच्या नावाचा स्तंभ झाला. मुसोलिनी गेला, स्तंभ अजून उभा आहे, नावासकट.

जेवायला कोलोन्नाता गावात गेलो. तिथला मान 'लार्दो'ला. लसूण चोळलेल्या संगमरवरी कुंडात डुकराच्या चरबीचे थर, मधे मीठ, मिरी, रोझमेरी. वर झाकण ठेवून निदान सहा महिने मुरवायचं. गोष्ट ऐकून साडूंचा चेहरा चुऱ्याच्या रंगाचा झाला.

"भाऊजी," बायकोने साधली वेळ, "तुमच्या हॉलमध्ये लिंबू-सरबत नेलं तर डाग पडतात म्हणून आम्हाला बाल्कनीत बसवता. आणि माहेरी हे चालतं?"

"लिंबू मार्बलला खातं. चरबी नाही," साडू शास्त्रशुद्ध बोलले, आणि ते खरंही होतं. पण लार्दोच्या पातळ चकत्यांची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी खाल्ल्या. तोंडात विरघळल्या. बायकोने बघितलं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय.

उतरताना चालकाने शेवटचा घाव घातला. आता डोंगरातून निघणाऱ्या मालातल्या बऱ्याच दगडाच्या लाद्या होतच नाहीत. त्याची पूड करतात. कॅल्शियम कार्बोनेट. ते कागदात जातं, रंगात जातं, टूथपेस्टमध्ये जातं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "ताई, म्हणजे आपण माहेरीसुद्धा लहानपणापासून इटालियन मार्बलच वापरत असू. फक्त चूळ भरून टाकायचो."