बिलनपुऱ्याचे कप्तान

सकाळी आठच्या सुमारास आमच्या गल्लीत एकदाच घंटा वाजली, की शाळेत निघालेली पोरं एकमेकांकडे बघतात. "बुडाली वाट्टे." मग दप्तरं सावरत कप्तानांच्या ओट्यापाशी उभी राहतात. "काकाजी, आज कोनती?"

कप्तान बनियनवर बसलेले, हातात चहाची बशी. "रॉयल चार्टर. सव्वीस ऑक्टोबर, १८५९. आस्ट्रेलियातून सोनं खनून निघालेले लोक. लिव्हरपूल हातावर आलं, अन् वाऱ्यानं उचलून खडकावर घातली. साडेचारशे मानूस." बशीत उरलेला चहा ओढून ते शेवटचं वाक्य टाकतात. "कमरेले सोनं बांधून उड्या मारल्या लेकाईनं. वजनानं गेले बावा, पान्यानं नाई."

पोरं शाळेत जातात. उशीर का झाला याचं कारण ती मास्तरांना काय सांगत असतील, देव जाणे.

अचलपूरपासून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरच्या आसपास. गावाला बिच्छन नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात बुडायचं तर आधी पाणी शोधावं लागतं. गावाबाहेर हौजकटोरा आहे. तलावाच्या मधोमध बांधलेली ती अष्टकोनी इमारत अजून उभी आहे, तलाव मात्र कधीच आटला. थोडक्यात, आमच्याकडे बुडण्याची सोयच नाही. गावाचं नावच अचल, आणि त्या गावात हा माणूस सकाळपासून हेलकावे खात असतो. त्यांचं पाळण्यातलं नाव मी सांगत नाही. क्षीरसागरात निजणाऱ्या देवाचं आहे, एवढं पुरे. परवापरवापर्यंत समुद्राशी त्यांचा संबंध तेवढाच होता.

घंटेचं मूळ लंडनला आहे. ल्यूटाइन नावाची लढाऊ बोट १७९९ साली हॉलंडच्या किनाऱ्यावर बुडाली. तिची घंटा १८५८ मध्ये वर काढली आणि ती लॉइड्स या विम्याच्या पेढीत टांगली. पूर्वी बोट बुडाल्याची खबर आली की तिचा एक टोल पडायचा. उशीर झालेली बोट सुखरूप पोचली की दोन. "एकशेसहा पौंडाची घंटा हाय. म्हंजे अठ्ठेचाळीस किलो," असं कप्तान सांगतात आणि लगेच आपल्या घंटेकडे हात करतात. ही त्यांनी बहिरमच्या यात्रेतून आणली. बैलाच्या गळ्यातली. "तीनशे दहा ग्राम. तोलली मी."

तोलणारच. कप्तान कापसाच्या बाजारात चौतीस वर्षं मापारी होते. काट्यावर उभं आयुष्य गेलं. बंडी भरणारा शेतकरी, ट्रक भरणारा हमाल, भरून घेणारा व्यापारी, या सगळ्यांच्या तोंडून त्यांनी चौतीस वर्षं एकच वाक्य ऐकलं: "अजून एक टाक, काई होत नाई." त्या 'काई होत नाई'पायी एकदा भर बाजारात एका बंडीचा आख मोडला आणि एक बैल जागेवर बसला तो उठलाच नाही. ही हकिगत कप्तान फार सांगत नाहीत. बोटींच्या सांगतात.

निवृत्त झाल्या वर्षी परतवाड्याच्या रद्दीवाल्याकडे त्यांना पुठ्ठा उडालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. रद्दीवाल्याचा काटा पन्नास ग्रॅमनं चुकतो म्हणून आधी अर्धा तास भांडण झालं. पुस्तक घरी आल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, त्यांची गाठ सॅम्युअल प्लिमसोलशी पडली. हा डर्बीचा खासदार. विलायतेतले काही बोटमालक जुन्या, कुजक्या बोटी गळ्यापर्यंत भरायचे, वर भरपूर विमा उतरवायचे आणि समुद्रात सोडायचे. पोचली तर भाडं, बुडाली तर विमा. खलाशी अशा बोटींना शवपेट्याच म्हणत. प्लिमसोलनं १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, १८७५ मध्ये भर पार्लमेंटात आरडाओरडा केला, सभासदांना दुष्ट म्हणाला. अखेर १८७६ मध्ये कायदा झाला: बोटीच्या अंगावर एक वर्तुळ, त्यातून आडवी रेघ. रेघ पाण्याखाली गेली की माल भरणं बंद.

"पन त्यात गोम हाय," कप्तान बोट वर करतात. गोम अशी, की रेघ कुठे मारायची ते मालकानंच ठरवायचं होतं. तिची जागा कायद्यानं बांधून दिली थेट १८९० मध्ये. "काटा तुमचा, वजनही तुमीच सांगा! चौदा वर्षं बावा, चौदा वर्षं!" हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की प्लिमसोल आमच्याच बाजारातला एखादा बदली झालेला इन्स्पेक्टर वाटावा. त्यांच्या बैठकीत गजानन महाराजांच्या तसबिरीखाली एका दाढीवाल्या साहेबाचं झेरॉक्स डकवलेलं आहे. नवा पाहुणा महाराजांना हात जोडतो आणि गडबडीत साहेबालाही जोडतो. कप्तान हरकत घेत नाहीत.

पुढची पायरी ओघानंच आली. एका सकाळी परतवाडा-अमरावती रस्त्यावरच्या एका काळीपिवळीच्या मडगार्डवर खडूनं वर्तुळ आणि आडवी रेघ दिसली. कप्तान पट्टी घेऊन टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजत उकिडवे बसले होते.

"काकाजी, काय करून राह्यले?"

"रेघ टायरले टेकली, की पाशिंजर घेनं बंद."

ड्रायव्हरनं वाकून पाहिलं. "आतापासूनच टेकली हाय ना."

"मंग उतरव."

"उतरवतो. पयले तुमीच उतरा. तुमी फुकट बसता."

दुसरी रेघ घरच्या कूलरच्या टाकीवर आहे. ती पक्क्या ऑईलपेंटची. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा कप्तान ओल्या वाळ्याच्या ताट्यांसमोर डोळे मिटून बसतात. पंप घरघरतो, पाणी ताट्यांवरून झिरपतं, तोंडावर गार तुषार येतात. त्यांचा हिंदी महासागर तो हाच. काकूंनी एक बादली जास्त ओतली तर डोळे न उघडता आवाज येतो, "रेघ पाह्य." काकू उत्तर देतात, "पाह्यली. आता नळावरून बादल्या कोन आनते थेही पाहा."

छंदी माणसाला असतो तसला सोवळेपणाही कप्तानांकडे आहे. कुणी उत्साहानं टायटॅनिकचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करतात. "१९१२ ची. आपल्याकडे १८०० ते १८९९ चाच माल घेतल्या जाते." मेडूसा चालते, तराफ्यावर १४७ चढले आणि १५ वाचले म्हणून. बर्कनहेड चालते. त्यांचा आणखी एक सिद्धांत असा, की इंग्लंडच्या वाटेवर बुडालेल्या दर तिसऱ्या बोटीत वऱ्हाडाची एखादी गठाण असलीच पाहिजे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांच्या मालाची वाट बंद झाली, मुंबईहून कापसाला उधाण आलं, सुएझचा कालवा अजून व्हायचा होता, म्हणून आपला कापूस आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायचा. इथपर्यंत सगळं खरं आहे. 'दर तिसऱ्या' हा आकडा मात्र कप्तानांच्या काट्यावरचा. तो काटा कधी कुणाला तपासू दिलेला नाही.

लग्नाला त्यांना बोलवायचं की नाही, हा आमच्या भावकीतला जुना वाद. गेल्या वैशाखात बोलावलं. वरातीला उशीर होता, मांडवात सगळे घामाघूम. नवरदेवाचे मामा शेजारी येऊन बसले आणि सहज म्हणाले, "वरात निघाली हाय म्हनते फोनवर." झालं.

"वैतरणाही निघालीच होती," कप्तान म्हणाले.

८ नोव्हेंबर १८८८. दिवाळी नुकतीच झालेली. कच्छच्या मांडवी बंदरातून वैतरणा ही आगबोट मुंबईला निघाली. तीनच वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला बांधलेली, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. आत विजेचे दिवे, म्हणून लोक तिला कौतुकानं 'विजळी' म्हणायचे. द्वारकेला आणखी उतारू चढले. हवा बिघडली म्हणून ती पोरबंदरला न थांबता सरळ पुढे निघाली, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात गेली. सातशेहून जास्त माणसं. पुढे चौकशी झाली; बचावाच्या होड्या पुऱ्या नव्हत्या हे निघालं. पण बोटीची फळी सापडली नाही की एक माणूस. गुजरातेत तिची गाणी झाली, त्यांतल्या कप्तानाचं, हाजी कासमचं, नाव तिला कायमचं चिकटलं. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं तिच्यात होती असं सांगतात.

"अन् वराती," कप्तान मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. "तेरा वराती म्हनतात. नवरदेवासकट."

मामा उठून फोन लावायला बाहेर पळाले. कप्तान माझ्याकडे वळले. "नाव पाह्य ना. वैतरणा! मेल्यावर जी पार करा लागते तिचं नाव बोटीले? तिथं गाईचं शेपूट पकडा लागते, लेका. तिकिटावर कोन पार होते?" कंपनीनं बोटीला ठाण्याकडच्या नदीचं नाव दिलं असावं, एवढी साधी गोष्ट आहे, मी तसं म्हणालोही. पण एवढ्यात बँड ऐकू आला आणि मामा धावत आत आले. त्यांनी सगळ्यांच्या आधी कप्तानांनाच मिठी मारली.

त्यांचा खरा आवडता प्रसंग कार्नाटिकचा. तो त्यांनी मला एका बंद पडलेल्या जीपमध्ये ऐकवला. आसेगावच्या अलीकडे जीप थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "बसून राहा, दहा मिन्टात होते." कप्तान ताडकन् खाली उतरले आणि मलाही हाताला धरून उतरवलं. सप्टेंबर १८६९. सुएझहून मुंबईला निघालेली कार्नाटिक रात्री तांबड्या समुद्रात अबू नुहासच्या खडकावर चढली. पोटात चाळीस हजार पौंडांचं सोनं, टपाल, कापसाच्या गाठी. कप्तान जोन्स म्हणाला, पंप चालू आहेत, आपल्याच कंपनीची दुसरी बोट येईलच, बसून राहा. लोक बसून राहिले. सकाळ झाली, दुपार झाली, रात्री जेवणं झाली. किनारा दिसत होता, होड्या शाबूत होत्या. दुसऱ्या दिवशी होड्या सोडायला घेतल्या, तोवर बोट मधोमध मोडली. "जेवले बावा! खडकावर बसून जेवले!" भर उन्हात कपाळाला हात लावून कप्तान उभे होते. दोन महिन्यांनी सुएझचा कालवा उघडला. आणि जूल व्हर्ननं आपल्या ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेत, १८७२ सालच्या गोष्टीत, हाँगकाँगच्या बंदरात हीच कार्नाटिक पुन्हा चालवली. तीन वर्षांपूर्वी बुडालेली बोट! कप्तानांनी त्या फ्रेंच माणसाला अजून माफ केलेलं नाही.

आमच्यामागे जीप सुरू झाली आणि निघून गेली. आम्ही पुढे तीन किलोमीटर चालत आलो.

त्यांची वही मी एकदाच पाहिली. बाजारातलीच जुनी लाल कापडी बांधणीची वही, छापील रकान्यांची: नाव, आवक, भरती, घट, शेरा. कापूस वाळला, सांडला, भिजला की जेवढं वजन कमी भरतं तेवढी घट. पहिल्या पानांवर शेतकऱ्यांची नावं, क्विंटल आणि किलो. मधे चार कोरी पानं. मग त्याच ठाशीव अक्षरात बोटी. कार्नाटिक. भरती: सोनं, टपाल, कापूस. घट: ३१. शेऱ्यात लिहिलं होतं, 'बसून राहिले.' वैतरणाच्या ओळीत घटीचा रकाना कोरा होता. मी विचारलं. ते म्हणाले, "कोनी सातशेतीन म्हनते, कोनी सव्वासातशेच्या वर. काटा पक्का झाल्याबिगर मी मांडत नाई." मी त्या दिवशी हसलो नाही, एवढं खरं.

या जानेवारीत त्यांना मुंबईला नेलं. अमरावतीहून रात्रीची गाडी. समुद्र दाखवायचा म्हणून चौपाटीवर नेलं, तर एक मिनिट पाहून म्हणाले, "थो काय, पानी हाय. धक्का दाखव." मग भाऊच्या धक्क्यावर गेलो. रेवसला जाणारी लाँच भरत होती. कप्तान काठावरून वाकून तिच्या अंगावर रेघ शोधू लागले. खलाशी म्हातारासा होता. त्यानं विचारलं, काका, काय पडलं का?

"किती घेता?"

"येतील तेवढे. या, या. अजून दहा बसतील, काय होत नाय."

कप्तानांनी माझा दंड धरला. सातशे किलोमीटरवर, खाऱ्या वाऱ्यात, तेच वाक्य. मला वाटलं आता हे परत फिरणार. पण ते धक्क्यावरच उभे राहून चढणारी माणसं मोजू लागले, अगदी काट्यावर मोजायचे तशी, दर दहाला बोटाचं पेर मुडपत. मग खलाशालाच त्यांनी विचारलं, "इथून बुडाली व्हती ना एक?"

"रामदास," तो म्हणाला. "सत्तेचाळीस साली. गटारीच्या दिवशी. तिकडे, काशाच्या खडकाजवळ. सहाशेच्या वर गेली माणसं. आमचे वडील सांगायचे."

१९४७. कप्तानांच्या दुकानात हा माल घेतला जात नव्हता. मी गप्प राहिलो. ते थोडा वेळ त्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, "भरती किती व्हती?"

खलाशाला ते कळलं नाही. शिटी झाली. मला वाटलं होतं त्याच्या उलट, कप्तान चढले. रेवसपर्यंत दीड तास ते दोन्ही हातांनी जेवणाचा डबा पोटाशी धरून ताठ बसले होते. डोळे उघडे, ओठ मिटलेले, एकही बोट बुडाली नाही. येतानाही तसेच. धक्क्यावर पाय टेकल्यावर डबा उघडला आणि उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला बिलनपुऱ्यात घंटा वाजली. एकदा. आणि थोडं थांबून पुन्हा एकदा.

पोरं धावतच ओट्यापाशी आली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

"काकाजी, आज दोन बुडाल्या काय?"