स्पॉन्सर मामा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला दोन प्रकारचे पैसे लागतात. भरायचे आणि व्हिसासाठी दाखवायचे. भरायचे बँक देते, व्याज लावून. दाखवायचे वाशिंदला मामा देतात, फुकट.

हे कुणाचे सख्खे मामा असतात, कुणाच्या आईच्या माहेरगावचे असतात, तर कुणाच्या बापाबरोबर कसारा लोकलच्या एकाच डब्यात त्यांनी वर्षानुवर्षं पत्ते कुटलेले असतात. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हा जमिनीचा मोबदला मिळालेल्यांपैकी कुणी बुलेटवर बसलं, कुणी बंगल्यात बसलं, कुणी नाक्यावरच्या बारमध्ये बसलं ते अजून उठलेलं नाही. मामांनी आलेली रक्कम तशीच ठेवीत टाकली. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मामांच्या बांधावरून गाड्या थेट नागपूरला धावू लागल्या. मामांचे पैसे त्याआधीच डलासला पोचले होते. अर्थात कागदावर.

"मामा, खर्च नाय करायचे, नुसते दाखवायचेत," एवढं म्हणायचा अवकाश, मामा कपाटातून फाइल काढतात. तीत ठेवपावत्यांच्या झेरॉक्स, सीएने शिक्का मारलेला मालमत्तेचा तक्ता, शहापूरच्या तहसील कचेरीतून आणलेला ऐपतीचा दाखला. हा दाखला ते लॅमिनेट करायला निघाले होते; झेरॉक्सवाल्यानेच अडवलं. माणसाला आपली ऐपत सरकारी शिक्क्यासह वाचायला मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

अडचण केली ती सातबाऱ्याने. उरलेल्या वरकस जमिनीच्या पीकपाहणीत 'गवत' लागलंय. कल्याणच्या भाषांतरकाराने इमानेइतबारे 'ग्रास' लिहिलं. आता अमेरिकन साहेबाने काय समजायचं? की हा गृहस्थ गवत विकून भाच्याला एमएस करतोय? तेव्हापासून मामा प्रत्येक भाच्याची उजळणी घेतात. "मामा काय करतात विचारलं तर?" "प्रगतशील शेतकरी." "आणि गवताचं विचारलं तर?" "निर्यात." हे दुसरं उत्तर मामांचं स्वतःचं आहे. भाचे ते व्हिसाच्या खिडकीपाशी देत नसावेत, अशी आशा करू या.

देशांबद्दल मामांची मतं पक्की आहेत. अमेरिका दिलदार, कारण तिथे मामा चालतो. जर्मनी संशयी. ते लोक वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून घेतात आणि पोराच्या हातावर महिन्याला ९९२ ठेवतात. म्हणजे पैसे खरोखरच जातात! मामांच्या मते हे शिष्टाचाराला धरून नाही. इंग्लंडला तर मामा मुळी चालतच नाही. पैसे मुलाचे नाहीतर आईबापाचेच हवेत, आणि तेही खात्यात सलग २८ दिवस. "इथलं सगळं उचलून नेलं तेव्हा विचारलं का, कोणाच्या बापाचं ते?" मामा म्हणतात. पण भाचा रडकुंडीला आला की विरघळतात आणि रक्कम त्याच्या बापाच्या खात्यात टाकतात. त्या अठ्ठावीस दिवसांत मामा रोज सकाळी त्या घरी चहाला जातात. बँकेच्या पासबुकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फक्त "सगळे बरे हायत ना?" असं विचारतात. बापाची तब्येत त्यांनी एवढी कधीच जपली नव्हती.

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून मामा बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीपर्यंत सोबत जातात. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून भाच्याचा मोबाइल आणि सॅक कवटाळून फुटपाथवर थांबतात. आत दोन-तीन मिनिटांचा मामला. साहेब बहुतेक वेळा फाइल उघडतही नाही. भाचा बाहेर आला, की व्हिसा मिळाला का हे विचारायचं मामांना सुचत नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "माझं नाव निघालं का?"

सगळे भाचे "हो" म्हणतात. एवढी माणुसकी आपल्या पोरांत अजून आहे.

नकार आला तर हातात २१४(बी)चा कागद पडतो. पोरगं शिकून परत येईल याची खात्री पटली नाही, असा त्याचा मतलब. पैशांचा त्यात उल्लेखही नसतो. तरी मामा खट्टू होतात, आपलीच ठेव कमी पडली असं धरून चालतात आणि महिनाभर चौकात दिसत नाहीत.

मामांचा स्वतःचा मुलगा भिवंडीकडच्या गोदामात पाळीला जातो. त्याला जुना टेम्पो घ्यायचाय. परवा त्याने विषय काढला, तर मामा म्हणाले, "ठेव मोडता येणार नाय आत्ता. ओहायोचं पोरगं मधेच उघड्यावर पडेल."

मामी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "त्याला सांगा, मंग टेम्पोबी नुसता दाखवायचाच घे."